वाळूत घडविलेला भूकंप



भूकंपाला वर्गात बोलावून आणता येत नाही. मग त्याचे शास्त्र शिकवावयाचे कसे? रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८४९ साली या प्रश्नाला मोकळ्या किनाऱ्यावर उत्तर दिले. भूकंपाची वाट न पाहता त्याने तो स्वतःच घडविला.

डब्लिनजवळील किलिनीच्या वाळूत त्याने बंदुकीची दारू पुरली आणि मोजलेल्या अंतरावर पाऱ्याचे पात्र ठेवले. पाऱ्याच्या स्थिर पृष्ठभागात दोन छेदरेषांचे प्रतिबिंब भिंगातून दिसे. स्फोटानंतर हादरा तेथे पोहोचताच ते प्रतिबिंब विस्कटे. मधला काळ मोजला की हादऱ्याचा वेग हाती येई.

वाळूत तो सेकंदाला सुमारे ८२५ फूट भरला, तर जवळच्या अखंड ग्रॅनाइटमध्ये सुमारे १,६६५ फूट. मॅलेटच्या अपेक्षेहून हे आकडे फारच कमी होते. तरीही त्याने ते जसेच्या तसे प्रसिद्ध केले. आरंभीच्या अतिसूक्ष्म लहरी त्याच्या उपकरणास जाणवल्या नसाव्यात, असे पुढील संशोधकांनी दाखविले. आकडे चुकले, पद्धत मात्र टिकली. मापनाचा प्रामाणिकपणा तो हाच.

पुढे १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी अभ्यासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आर. डी. ओल्डहॅम यांनी लहरींचे तीन प्रकार वेगळे ओळखले. त्यांतील दोन शाळेच्या मैदानावर सहज दाखविता येतात. वीस मुले एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी करावीत. शेवटच्याने हलकेच पुढे रेटले की रेटा रांगेतून धावतो. ही प्राथमिक लहर. त्याने बाजूला झोल दिला की रांग नागमोडी डुलते. ही दुय्यम लहर, आणि ती मागाहून येते. या दोहोंच्या आगमनातील अंतरावरून भूकंप किती दूर झाला ते कळते, हे मुलांना मग सांगावे लागत नाही. त्यांच्या खांद्यांना ते उमगलेले असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंप टाळणे आपल्या हाती नाही. परंतु भिंत का कोसळते, हे मैदानावर शिकलेला विद्यार्थी उद्या घर बांधताना दगड कसे सांधावेत याचा विचार करील. ज्या गुरूंच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांना याहून मोठी दक्षिणा कोणती?