भांगेत तुळस : एका वेदनाशामकाची किंमत

‘तुळशीत भांग’ आणि ‘भांगेत तुळस’ हे दोन्ही वाक्प्रयोग मराठीत आहेत. चांगल्या घरात वाईट निपजले की पहिला, वाईट घरात चांगले निपजले की दुसरा. दोन्ही वेळा भांगेची जागा ठरलेली आहे. भाषेने एखाद्या वनस्पतीविषयी निकाल देऊन टाकला की तिच्या इतिहासाकडे पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. मलाही वाटली नव्हती.

आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ बाईंना भेटायला गेलो होतो. तीस वर्षे त्यांनी जुने मराठी वाङ्मय शिकवले. कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला होता आणि रात्री झोप नव्हती. उशाशी एक छोटी तपकिरी बाटली होती, वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळालेल्या तेलाची. बाईंनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सर, यावर ‘विजया’ लिहिलंय. भांग लिहिलं असतं तर घरात कुणी ठेवू दिली असती का? आणि ती इतकी महाग असती का?”

पहिला प्रश्न नावाचा होता, दुसरा किमतीचा. घरी आल्यावर लक्षात आले की या औषधाचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांतच मावतो.

नावापासून सुरुवात करू. संस्कृतात ‘भङ्गा’ हा शब्द जुना आहे. अथर्ववेदात तो येतो. पण तेथे अभिप्रेत असलेली वनस्पती हीच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मध्ययुगीन वैद्यकात मात्र ती निश्चितपणे दिसते. शार्ङ्गधरसंहितेत भंगेचा उल्लेख अफूच्या जोडीने, शरीरात चटकन पसरणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून आला आहे. ‘विजया’ हे तिचे निघंटूंतील प्रतिष्ठित नाव. लोकव्यवहारात मात्र नावे पडली ती वनस्पतीच्या भागांवरून : पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. ही विभागणी पुढे कायद्याच्या भाषेत किती निर्णायक ठरली ते पाहूच.

युरोपीय वैद्यकाने या वनस्पतीची नीट दखल घेतली ती गोव्यात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात ‘बांग’ या द्रव्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. नोकरचाकरांना ती श्रम विसरायला आणि भूक लागायला उपयोगी पडते, झोप न येणारे सरदारही ती घेतात, असे ओर्ता नोंदवतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याची एक आख्यायिकाही तो सांगतो : रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानाला जावेसे वाटले, तर सुलतानाला थोडी बांग खाणे पुरत असे. ग्रंथ संवादरूप असल्यामुळे ओर्ताने स्वतःचे कुतूहल आणि स्वतःचा संशय दोन पात्रांत वाटून टाकला आहे. ही वनस्पती औषध की व्यसन, हा प्रश्न तेव्हापासून संवादाच्याच अवस्थेत राहिला.

प्रयोगशाळेत ती आली कलकत्त्यात. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयर्लंडच्या लिमरिकमधला डॉक्टर १८३३ साली कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि १८३५ साली स्थापन झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. पुढे भारतात तारायंत्र आणणारा तो हाच. १८३९ साली त्याने गांजाच्या औषधी कल्पांवर एक दीर्घ निबंध सादर केला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्या निबंधाची रचना लक्षणीय वाटेल. आधी ग्रंथांतले पुरावे, मग लोकांचा व्यवहार, मग प्राण्यांवरील प्रयोग आणि शेवटी रुग्ण असा तो क्रम आहे. ग्रंथांच्या पुराव्यासाठी त्याने पंडित मधुसूदन गुप्त, कमलाकांत विद्यालंकार आणि हुगळीच्या इमामबाड्याचे सय्यद करामत अली यांचे साहाय्य घेतले व तसे नमूदही केले. हे मधुसूदन गुप्त म्हणजे १८३६ साली मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन करून रूढी मोडणारे. म्हणजे ‘पाश्चात्त्य वैद्यकाने शोध लावला’ किंवा ‘आमच्याकडे सगळे होतेच’ ही दोन्ही सोपी वाक्ये येथे टिकत नाहीत. ज्ञान पंडित, हकीम आणि डॉक्टर यांच्या एका टेबलावर तयार होत होते.

पण त्या टेबलापासून काही अंतरावर खाटा होत्या. ६ नोव्हेंबर १८३८ रोजी दुपारी दोन वाजता संधिवाताच्या तीन रुग्णांना गांजाच्या राळेचा प्रत्येकी एक ग्रेन देण्यात आला. तिघांवर परिणाम सारखा झाला नाही. त्यांतला एक चार वाजता बडबडू लागला, गाऊ लागला, जास्त जेवण मागू लागला आणि आपण ठणठणीत आहोत असे सांगू लागला. रात्री आठला तो निश्चेष्ट पडला होता. त्याचा हात उचलून धरला तर तो त्याच स्थितीत राहत होता. पुढे तो सावरला. त्यानंतर धनुर्वात, पटकी आणि लहान मुलांचे झटके यांवर प्रयोग झाले. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका रुग्णाला वाचवता आले नाही, पण त्याच्या यातना इतक्या कमी झाल्या की तो थोडे अन्न गिळू शकला. रोग बरा होत नसेल, तर मरणाची वाट तरी सुसह्य करणे हे वैद्याचे काम आहे, असा आशय ओशॉनेसी तेथे मांडतो. वेदनाशमन हे स्वतंत्र कर्तव्य आहे, हे म्हणणारा तो फार लवकरचा आवाज होय. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की या औषधाची मात्रा ठरली ती कलकत्त्याच्या इस्पितळातल्या गरीब देहांवर. पहिली किंमत त्यांनी मोजली.

१८४१-४२ च्या सुमारास ओशॉनेसी ही राळ घेऊन इंग्लंडला गेला. तेथे पीटर स्क्वायर या लंडनच्या औषधविक्रेत्याने तिचा अर्क बनवला. नंतर ब्रिटिश औषधकोशात तिला स्थान मिळाले आणि अमेरिकन औषधकोशानेही शतकाच्या मध्यास ती स्वीकारली. राणी व्हिक्टोरिया हिचे वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० साली आपल्या सुमारे तीस वर्षांच्या अनुभवावर लेख लिहिला. शुद्ध आणि जपून दिलेले हे औषध फार मोलाचे आहे, असे त्यांचे मत होते. यावरून राणीच मासिक पाळीच्या वेदनांसाठी गांजा घेत असे, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला पुरावा नाही. गांजाच्या बाजूने बोलताना राणीचा दाखला द्यावासा वाटणे, यातून आपल्याला प्रतिष्ठेची किती गरज भासते एवढेच दिसते.

मग हे औषध मागे का पडले? ‘साम्राज्याने आमचे औषध दाबले’ असे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. खरे कारण बरेचसे रासायनिक आहे. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे झाले होते. त्याचे क्षार पाण्यात विरघळतात. १८५० च्या दशकात टोचण्याची पिचकारी आली आणि मॉर्फिन मोजून, नेमके, काही मिनिटांत देता येऊ लागले. गांजाची राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती टोचता येत नाही. शिवाय तिचा गुण झाडागणिक, हंगामागणिक आणि साठवणीच्या काळागणिक बदलतो. एका बाटलीने गुण यावा आणि दुसरी निरुपयोगी निघावी, ही तक्रार त्या काळच्या डॉक्टरांची नित्याची. १८९९ साली अॅस्पिरिन बाजारात आले. किरकोळ दुखण्याला स्वस्त गोळी आणि असह्य दुखण्याला मॉर्फिन, अशी वाटणी झाल्यावर या अर्काला जागा उरली नाही. १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून आणि १९४२ साली अमेरिकन औषधकोशातून त्याचे नाव गेले.

याच काळात भारतात किमतीची वेगळी कथा घडत होती. ब्रिटिश संसदेतील मद्यपानविरोधी गटाच्या आग्रहावरून १८९३ साली भारतीय गांजा-भांग आयोग नेमला गेला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. बंगालातील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि आपल्याकडचा तेव्हाचा अहमदनगर जिल्हा ही गांजाची क्षेत्रे त्या कागदपत्रांतून वारंवार भेटतात. मध्यम सेवनाने लक्षणीय हानी होत नाही आणि बंदी घालू नये, हा आयोगाचा निष्कर्ष. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींत ‘कारण : गांजा’ असे जे लिहिले जाई, ते पुष्कळदा चौकशीविना भरलेले असते, हेही त्याने दाखवून दिले. वैद्य, हकीम आणि घरची माणसे माणसांसाठी व गुरांसाठीही भांग औषध म्हणून वापरतात, याची नोंद आहे. विशेष म्हणजे अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडल्या त्या ताहीरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी. इंग्रज अधिकारी गांजाला सहन करा म्हणतात आणि भारतीय सदस्य कठोर व्हा म्हणतात, हे चित्र आपल्या नेहमीच्या समजुतीत बसत नाही.

आयोगाचा उपाय होता कर. लागवड मर्यादित ठेवावी, विक्रीला परवाने असावेत, करामुळे भाव चढा राहावा आणि सेवन आपोआप आटोक्यात यावे. शौकिनाला आवरण्यासाठी हा विचार समंजस वाटतो. पण चढा भाव शौकीन आणि रोगी यांत फरक करत नाही. कुंपणाकडेचे पान खुडून पोटीस बांधणाऱ्या बाईला आणि चिलीम ओढणाऱ्याला दुकानात एकच दर होता.

विसाव्या शतकात कराची जागा दंडाने घेतली. १९२५ च्या जिनिव्हा करारात भारतीय गांजा आला, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात तो कडक नियंत्रणाखाली गेला आणि भारताने १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा केला. या कायद्याची व्याख्या भाषेच्या शिक्षकाने वाचण्याजोगी आहे. फुलोरे आणि राळ गुन्ह्यात मोडतात. फुलोऱ्यांसोबत नसलेली पाने आणि बिया मोडत नाहीत. एकच झाड, पण देठाच्या एका सांध्याशी कायदा बदलतो. होळीची भांग आणि बाईंच्या उशाची बाटली या दोन्ही गोष्टी त्या अपवादावर उभ्या आहेत. पानांपासून केलेले ‘विजया’चे आयुर्वेदिक कल्प वैद्यांच्या देखरेखीखाली घेता येतात ते यामुळेच.

याच कायद्याने एक अपघात घडवला. अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ नंतर परवान्यांच्या गुंत्यामुळे आपल्याच इस्पितळांत मॉर्फिनचा वापर अतोनात घटला. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही अट सैल झाली. मॉर्फिनची गोळी महाग नाही. महाग आहे ती तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट.

गांजाचे पुनरागमन झाले ते रसायनशास्त्राच्या दारातून. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांनी जप्त केलेल्या चरसातून त्याचे मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. एकोणिसाव्या शतकाला जे जमले नाही ते आता शक्य झाले : प्रत्येक थेंबात काय आणि किती आहे ते सांगणे. हीच गोष्ट आज बाटलीची किंमत वाढवते. ब्रिटनने नोव्हेंबर २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे औषध खुले केले. पण वर्षभरातच तेथील आरोग्य मार्गदर्शक संस्थेने दीर्घकालीन वेदनांसाठी ते सरकारी खर्चाने देण्याची शिफारस नाकारली. अभ्यासांत शून्य ते दहाच्या मापपट्टीवर वेदना सरासरी सुमारे ०.४ ने उतरत होती आणि त्या मानाने खर्च मोठा व कायमचा होता. म्हणून तेथेही बहुतेक रोगी स्वतःच्या खिशातून पैसे देतात. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कठोर सूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते. दार उघडले, प्रवेशमूल्य मात्र राहिले.

०.४ ही सरासरी आहे, आणि सरासरीत बाई नसतात. त्यांना तेलाने झोप लागत असे. वेदना जात नसे. हे त्या स्वतःच स्वच्छ सांगत. त्यांनी वहीत हिशेब ठेवला होता, पाठ्यपुस्तकाच्या टाचणांसारखा. बाटलीचा भाव पाहायचा नाही, एका मिलिग्रॅमचा पाहायचा. जवळपास सारख्या किमतीच्या दोन बाटल्यांत एकीत निम्माच अंश निघाला होता. मात्रा वैद्यांना विचारून सर्वांत कमीपासून चढवायची, आणि गुण येतो तेथेच थांबायचे. दिवसाचे थेंब सोडून रात्रीचेच ठेवायचे. कर्करोगाच्या डॉक्टरांपासून काही लपवायचे नाही, कारण औषधे एकमेकांत अडकतात. त्या डॉक्टरांनीच पुढे मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि तेलाचा खर्च निम्म्यावर आला. तरीही तो त्यांच्या निवृत्तिवेतनाचा जवळजवळ सहावा हिस्सा होता.

“माझं भागतं,” त्या म्हणाल्या, “पण आमच्या मावशींना हेच दुखणं आलं असतं तर?” मावशी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. त्यांच्या माहेरी गुरांच्या पोटफुगीवर भांगेचा पाला देत, असे त्यांनी नंतर मला सांगितले. फुकट.

पाला मोजता येत नाही आणि मोजलेले तेल परवडत नाही. इतिहासाने आपल्याला या दोहोंमध्ये आणून सोडले आहे. परंपरेचा गौरव करून हे अंतर बुजणार नाही. पाल्याची मात्रा ठरवणारे संशोधन आणि मॉर्फिनची उघडी वाट या दोन गोष्टी सार्वजनिक खर्चाने झाल्या तर कदाचित बुजेल. बाई फाल्गुनात गेल्या. वही त्यांनी माझ्याकडे दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर, त्यांच्या सुरेख अक्षरात, एकाखाली एक दोनच शब्द आहेत : विजया, भांग. मध्ये बरोबरीचे चिन्ह आहे.