एक किनारा, दोन कायदे : कॅनडा आणि अमेरिकेतील सुरुवातीचे भारतीय स्थलांतरित



परदेशस्थ भारतीयांचा इतिहास शिकताना आपण बहुधा एका वेळी एकच देश हाती घेतो. एक प्रकरण कॅनडावर, दुसरे अमेरिकेवर. या पाठात मात्र आपण हे दोन शेजारी देश एकत्र पाहणार आहोत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे भारतीय तिथे पोहोचले, त्यांनीही ते एकत्रच पाहिले होते. इकडे जमले नाही तर तिकडे, आणि तिकडून हाकलले तर पुन्हा इकडे, असा त्यांचा प्रवास होता. दोन्हीकडची तुलना करणे हा त्यांच्यासाठी अभ्यासाचा विषय नव्हता, पोटाचा होता.

प्रथम नकाशा पाहा. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आणि त्यात व्हँकुव्हर शहर आहे. खाली ४९व्या अक्षांशावर सरहद्द आहे. तिच्या दक्षिणेला अमेरिकेची वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया ही राज्ये येतात. दोन्ही बाजूंना तेच उंच वृक्षांचे जंगल, त्याच लाकूड कापण्याच्या गिरण्या, तेच रेल्वेमार्गांचे काम. मजुरीही साधारण सारखी, दिवसाला दोन डॉलरच्या आसपास. १९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार भारतीय ब्रिटिश कोलंबियात आले. त्यांतील बहुसंख्य पंजाबी शीख होते आणि अनेकांनी ब्रिटिश सैन्यात नोकरी केलेली होती. दोन्ही देशांतील वृत्तपत्रे मात्र त्या सर्वांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. जुनी कागदपत्रे वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर शीख आणि मुसलमान माणसे तुमच्या नजरेतून निसटतील.

काम एकच, मजुरी तीच, मग फरक कुठे होता? फरक कायद्यात होता. कॅनडा ब्रिटिश साम्राज्याचा भाग होता. तिथे उतरणारा भारतीय परका नव्हता, तो त्याच राजाचा प्रजाजन होता. अमेरिकेत तो पूर्णपणे परकीय होता. वरवर पाहता कॅनडात त्याची बाजू भक्कम असायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले, हे आता पाहू.

सप्टेंबर १९०७

४ सप्टेंबर १९०७ रोजी सरहद्दीजवळच्या बेलिंगहॅम या अमेरिकी गावात काही शे गोऱ्या मजुरांच्या जमावाने भारतीय कामगारांच्या राहत्या जागांवर हल्ला केला. सामान रस्त्यावर फेकले, माणसांना मारहाण करून गोळा केले आणि गाव सोडायला लावले. काही दिवसांत तिथला जवळजवळ प्रत्येक भारतीय निघून गेला. काही दक्षिणेकडे गेले, बरेच उत्तरेला कॅनडात, म्हणजे साम्राज्याच्या छत्राखाली. पण तिथेही तीनच दिवसांनी, ७ सप्टेंबरला, व्हँकुव्हरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध दंगल उसळली. तिचा मुख्य रोख चिनी आणि जपानी वस्त्यांवर होता.

या दोन घटनांनंतर काय घडले, ते अधिक महत्त्वाचे आहे. बेलिंगहॅमच्या जमावापैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. व्हँकुव्हरमध्ये मात्र कॅनडा सरकारने चौकशी नेमली आणि जपानी व चिनी रहिवाशांना नुकसानभरपाई दिली. ती चौकशी करणारे अधिकारी मॅकेंझी किंग पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. जपान तेव्हा ब्रिटनचे मित्रराष्ट्र होते आणि आपल्या माणसांसाठी बोलणारे सरकार टोकियोत बसले होते. भारतीय मजुरांनी हे पाहिले. आपल्यामागे कोण आहे, हा प्रश्न त्यांच्या सभांमध्ये आणि अर्जांमध्ये पुढे वारंवार येतो.

आडून घातलेली बंदी

आता कॅनडाचे कोडे समजून घ्या. ब्रिटिश कोलंबियातील गोऱ्या मतदारांना भारतीय नको होते. पण ‘भारतीयांना बंदी’ असा उघड कायदा केला असता, तर १८५७ नंतर राणीने जाहीरनाम्यात दिलेल्या समान वागणुकीच्या आश्वासनाचे काय, असे भारतात विचारले गेले असते. लंडनला ते नको होते. म्हणून १९०८ मध्ये एक असा आदेश काढला गेला ज्यात भारताचे नावही नव्हते. जो माणूस जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून वाटेत न थांबता, मायदेशात काढलेल्या एकाच तिकिटावर येणार नाही, त्याला उतरू देऊ नये, एवढेच त्यात म्हटले होते. भारतातून असा थेट प्रवास देऊ शकणारी एक कॅनेडियन कंपनी होती. तिने सरकारच्या सांगण्यावरून अशी तिकिटे विकणे बंद केले. शिवाय त्याच वर्षी आशियाई प्रवाशाजवळ दोनशे डॉलर असण्याची अट घातली गेली. दोनशे डॉलर म्हणजे गिरणी कामगाराची शंभर दिवसांची कमाई.

परिणाम आकड्यांत पाहा. १९०७-०८ च्या आर्थिक वर्षात अडीच हजारांहून अधिक भारतीय कॅनडात आले होते. पुढच्या वर्षी आले फक्त ६.

जे आधीच आत होते त्यांची स्थितीही विचित्र झाली. १९०७ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने भारतीयांचा मताधिकार काढून घेतला. प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही मत नाही. पुढे याच यादीचा आधार घेऊन वकिली आणि औषधनिर्माण यांसारख्या व्यवसायांची दारेही बंद झाली. १९०९ मध्ये व्हँकुव्हरच्या गुरुद्वाराशी संबंधित शीख सैनिकांनी ब्रिटिश सैन्याची पदके आणि गणवेश यापुढे न वापरण्याचा ठराव केला. ज्या राजासाठी लढलो त्याच्या एका मुलखात आपल्याला प्रवेश नाही, हे त्यांना अमेरिकेच्या नकारापेक्षा जास्त लागले असावे, असे मला वाटते. परक्याने दार लावणे वेगळे आणि घरातल्याने लावणे वेगळे.

१९१४ ची कोमागाता मारू जहाजाची कहाणी तुम्ही ऐकली असेल. गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जहाज ३७६ प्रवाशांसह २३ मे रोजी व्हँकुव्हरला पोहोचले आणि दोन महिने बंदरातच अडकून पडले. पूर्वीच्या काही रहिवाशांसह अवघ्या २४ जणांना उतरू दिले गेले. बाकीचे २३ जुलैला परत फिरले. कोलकात्याजवळ बजबज येथे २९ सप्टेंबरला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात वीसच्या आसपास प्रवासी मरण पावले. ही घटना नेहमी वर्णद्वेषाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेच आहे. पण ती कायद्याची चाचणीही होती. आदल्या वर्षी एका न्यायालयाने हेच आदेश तांत्रिक दोषांमुळे रद्द ठरवले होते. सरकारने ते दुरुस्त करून पुन्हा काढले होते, आणि जहाज त्या दुरुस्त आदेशांवर येऊन आदळले.

‘गोरा’ या शब्दाचा अर्थ

अमेरिकेत आड घेण्याची गरज नव्हती. तिथल्या १७९० च्या कायद्यानुसार नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या व्यक्तींना’ मिळे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग भारतीय गोरा की नाही? काही काळ न्यायालये ‘हो’ म्हणत होती. मुंबईहून आलेले पारशी भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मान्य केले. १९१४ मध्ये सखाराम गणेश पंडित यांना कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाले. त्यांचा जन्म गुजरातचा, नाव मराठी घरातले वाटावे असे. १९१७ मध्ये ते तिथे वकील झाले. लक्षात घ्या, ‘ब्रिटिश प्रजाजन’ असलेल्या भारतीयाला ब्रिटिश कोलंबियात जे वकिलीचे दार बंद झाले, ते कॅलिफोर्नियात परक्या भारतीयासाठी काही काळ उघडे होते.

पण शब्दाच्या अर्थावर मिळालेला हक्क अर्थ बदलताच जातो. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. ‘आर्य’ असल्यामुळे आपण गोरे ठरतो, असा दावा त्यांच्या बाजूने मांडला गेला. हा दावा आज वाचताना तुम्हाला अवघडल्यासारखे होईल, आणि व्हायला हवे, कारण त्यात जातीचा अभिमानही मिसळलेला होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकालाचा सारांश होता. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम सुरू झाली.

पेशावरचे वैष्णो दास बगाई १९१५ मध्ये पत्नी व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. ब्रिटिश राज्य नको म्हणून त्यांनी देश सोडला होता आणि अमेरिकी नागरिकत्व घेतले होते. ते रद्द झाल्यावर भारतात जाण्यासाठी अमेरिकी पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. सखाराम पंडित मात्र लढले. थिंद यांच्या वकिलांत ते होतेच, आता स्वतःचा खटला त्यांनी १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. सरकारनेच दिलेले नागरिकत्व इतक्या वर्षांनी मागे घेता येणार नाही, हा तिथला मुद्दा होता. त्यानंतर इतर भारतीयांविरुद्धची मोहीम थंडावली.

जमीन आणि घर

आता रोजच्या जगण्याकडे या. कॅनडातील भारतीय मत देऊ शकत नव्हता, पण प्रजाजन म्हणून जमीन विकत घेऊ शकत होता. व्हँकुव्हर बेटावर मायो सिंग यांनी लाकूड गिरणी आणि तिच्याभोवती वस्ती उभारली, तिलाच पुढे पाल्डी हे त्यांच्या होशियारपूरकडील गावाचे नाव मिळाले. कॅलिफोर्नियात उलट होते. १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन घेण्यास मनाई केली, आणि १९२३ नंतर भारतीय त्यात सापडले. मग शेती गोऱ्या परिचितांच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर होऊ लागली.

ती मुले कोणाची? इंपीरियल व्हॅलीत अनेक पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली होती. भारतातून पत्नी आणणे शक्य नव्हते आणि गोऱ्या स्त्रीशी लग्नाला राज्याचा कायदा आड येई. कॅनडात अशी कुटुंबे फारशी झाली नाहीत. तिथे पुरुष एकत्र राहत आणि वाट पाहत. १९१२ मध्ये भागसिंग आणि बलवंतसिंग या व्हँकुव्हरच्या शीख नेत्यांच्या पत्नींना ‘कृपा म्हणून’ राहू दिले गेले, पण तो पायंडा मानू नये असे बजावून. साम्राज्य परिषदेत भारताच्या बाजूने हा प्रश्न लावून धरल्यावर, १९१९ मध्ये पत्नी आणि अल्पवयीन मुलांना आणण्याची मुभा मिळाली. प्रजाजन असण्याचा एवढा एक फायदा शेवटी पदरात पडला. अमेरिकेत १९१७ च्या कायद्याने भारत ‘प्रतिबंधित पट्ट्यात’ टाकला होता, तिथे अशी वाटाघाट करायला कोणी नव्हते.

दोन्ही बाजू पाहिलेला माणूस

तारकनाथ दास हे बंगाली क्रांतिकारक १९०६ मध्ये सिअ‍ॅटलला पोहोचले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने त्यांना दुभाषा म्हणून व्हँकुव्हरला नेमले. म्हणजे सरहद्द ओलांडू पाहणारे भारतीय मजूर रोज त्यांच्यासमोर उभे राहत. १९०८ मध्ये त्यांनी व्हँकुव्हरहून ‘फ्री हिंदुस्थान’ हे पत्र काढले. दुभाष्याची नोकरी गेली आणि पत्र सिअ‍ॅटलला हलवावे लागले. साम्राज्यात राहून साम्राज्याविरुद्ध छापणे कठीण होते, सरहद्दीपलीकडे तुलनेने सोपे. गदर चळवळ १९१३ मध्ये ऑरेगन आणि कॅलिफोर्नियात उभी राहिली, व्हँकुव्हरमध्ये नाही, यामागे हेही एक कारण होते. तिच्या सुरुवातीच्या लोकांत गिरणी कामगार सोहनसिंग भकना होते, तसेच अमेरिकेत शेतीशास्त्र शिकणारे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे याच चळवळीतून भारतात परतले आणि १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले.

पाळत मात्र सरहद्द मानत नव्हती. व्हँकुव्हरच्या स्थलांतर खात्यातील हॉपकिन्सन हा कोलकाता पोलिसांतून आलेला अधिकारी दोन्ही देशांतील भारतीयांच्या बातम्या गोळा करी. १९१४ मध्ये मेवासिंग यांनी त्याला न्यायालयाच्या इमारतीत गोळी घातली. या काळातील भारतीयांविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातील बराच भाग अशा हेरांच्या अहवालांतून येतो. ते वाचताना लिहिणाऱ्याची नोकरी विसरू नका.

दास १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झाले, महायुद्धकाळात गदर खटल्यात तुरुंगात गेले, आणि १९२३ नंतर त्यांचेही नागरिकत्व धोक्यात आले. त्यांच्या अमेरिकी पत्नी मेरी यांना तर ‘अपात्र परकीयाशी’ लग्न केल्याबद्दल स्वतःच्याच देशाचे नागरिकत्व गमवावे लागले.

अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांना पुन्हा नागरिकत्वास पात्र ठरवले आणि वर्षाला १०० जणांचा कोटा दिला. ब्रिटिश कोलंबियातील भारतीयांना एप्रिल १९४७ मध्ये मताधिकार परत मिळाला. १९५१ मध्ये कॅनडाने भारताशी करार करून स्वतःचा कोटा ठरवला, तो होता वर्षाला १५०. फरक पन्नास माणसांचा.