घटनादुरुस्ती आणि सत्तेची मर्यादा : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याच्या आधारे विवेचन

अनुच्छेद 368 ने विहित केलेल्या रीतीने संविधानाच्या पाठात केलेली भर, बदल किंवा वगळणूक म्हणजे घटनादुरुस्ती. व्यक्तीच्या अधिकाराचे रक्षण म्हणजे शासनाची विशिष्ट कृती निषिद्ध ठरणे, किंवा ती विहित रीतीनेच करण्यास शासन बांधले जाणे. शासनाच्या बाजूने जी मर्यादा, तीच व्यक्तीच्या बाजूने अधिकार होय. म्हणून एखाद्या दुरुस्तीने अधिकाराचे रक्षण होते की नाही हे ठरविण्यासाठी अधिकाराचे नाव न पाहता मर्यादेची अंगे पाहावीत. ती चार आहेत : (1) बंधन कोणावर, (2) कोणत्या कृतीवर, (3) किती काळात, आणि (4) बंधन पाळले नाही तर आपोआप काय घडते. पहिली तीन अंगे दुरुस्तीच्या शब्दांत सहसा सापडतात. चौथ्या अंगाचा विचार क्वचितच होतो, आणि या विवेचनाचा रोख त्यावरच आहे.

दुरुस्त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : अधिकाराचा संकोच करणाऱ्या, विस्तार करणाऱ्या आणि सत्तेची रचना बदलणाऱ्या. हे प्रकार परस्परांपासून सर्वस्वी विभक्त नाहीत. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे वाढविली, पण त्याच वाक्यात निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही घातली. न्यायालयांना छाननीचा आधार मिळाला तो या एका विशेषणाने. 1964 च्या सतराव्या दुरुस्तीने जमीनविषयक कायद्यांचे संरक्षण रुंदावले, पण अनुच्छेद 31-ए ला एक परंतुकही जोडले. स्वतः कसत असलेली, कमाल धारणेच्या आतील जमीन या अनुच्छेदाच्या आश्रयाने केलेल्या कायद्याखाली घ्यावयाची असेल, तर मोबदला बाजारभावाहून कमी नसावा, असे ते परंतुक सांगते. ते आजही कायम आहे. चाकण ज्यात येते त्या खेड तालुक्यातील दोन-तीन एकरांच्या खातेदाराच्या दृष्टीने संविधानातील मोजक्या निःसंदिग्ध वाक्यांपैकी ते एक आहे.

आता मालमत्तेच्या अधिकाराचा क्रम पाहू. मूळ संविधानात तो अनुच्छेद 19(1)(एफ) आणि 31 यांत मूलभूत अधिकार होता. 1955 च्या चौथ्या दुरुस्तीने मोबदला पुरेसा आहे की नाही हा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवला. पंचविसाव्या दुरुस्तीने ‘मोबदला’ हा शब्दच काढून ‘रक्कम’ हा शब्द घातला. ती 20 एप्रिल 1972 रोजी अमलात आली, आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. म्हणजे निगडी, आकुर्डी, वाकड, भोसरी या परिसरातील संपादनाची सुरुवात झाली तेव्हा मालमत्तेचा अधिकार नावाने मूलभूत होता, पण त्याचा आशय सर्वांत क्षीण झालेला होता.

त्या काळात शेतकऱ्याला जे संरक्षण होते ते मुख्यतः 1894 च्या भूसंपादन कायद्यातून आले. बाजारभाव आणि त्यावर 15 टक्के दिलासा रक्कम, ही तरतूद संविधानाची नव्हती. दुसरे संरक्षण समतेच्या अधिकारातून आले. नागपूर सुधार प्रन्यासाच्या खटल्यात डिसेंबर 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, शासनाला दोन कायदे उपलब्ध असताना कमी मोबदला देणारा कायदा निवडून काही मालकांना वेगळी वागणूक देता येणार नाही. ते अनुच्छेद 14 चे उल्लंघन होय. मालमत्तेच्या अनुच्छेदाला जे साधले नाही ते समतेच्या अनुच्छेदाने साधले. तरीही या दोन्ही संरक्षणांना कालमर्यादा नव्हती. प्राधिकरणाने 1972 ते 1983 या काळात ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांना त्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. 2021 मध्ये प्राधिकरणाचेच विलीनीकरण झाले. बाधितांची मुले-नातवंडे त्याच मागणीसाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिली. विलंबाची किंमत सर्वस्वी एका पक्षाने मोजली.

1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत अधिकार रद्द करून अनुच्छेद 300-ए घातला : विधीच्या प्राधिकाराखेरीज कोणालाही मालमत्तेपासून वंचित केले जाणार नाही. अधिकाराची श्रेणी घटली. अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला, उच्च न्यायालयाचा उरला. परंतु आशय कालांतराने वाढला. कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणात मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचे सात उपाधिकार सांगितले : सूचना, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य मोबदला, कार्यक्षम व शीघ्र प्रक्रिया, आणि प्रक्रियेची समाप्ती.

शेवटचे दोन उपाधिकार चाकण पट्ट्यात विशेष महत्त्वाचे आहेत. तेथे उद्योगांसाठी जमीन ज्याखाली घेतली जाते त्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 च्या कलम 32 मध्ये आधी कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, मग राजपत्रातील अंतिम अधिसूचना असा क्रम आहे. अंतिम अधिसूचनेने जमीन शासनाकडे निहित होते. परंतु नोटीस आणि अंतिम अधिसूचना यांच्यामध्ये किती काळ जाऊ द्यावा, आणि तो उलटल्यास कार्यवाही आपोआप रद्द व्हावी, असे ते कलम सांगत नाही. मधल्या काळात सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात संपादनाचा शेरा उभा असतो. जमीन खातेदाराच्या नावावर असते, कसणाराही तोच असतो. पण गिऱ्हाईक मागे फिरते, बँक कर्जाला हात आखडता घेते, भावांचे वाटप अडते. कागदावर काहीही हिरावलेले नसते आणि व्यवहारात मालकीचा अर्धा अर्थ गेलेला असतो. 2013 च्या भूसंपादन कायद्यात याउलट घोषणेनंतर बारा महिन्यांत निवाडा झाला नाही तर कार्यवाही व्यपगत होते. मुदतवाढीची सोय असली तरी स्वाभाविक परिणाम शासनाच्या विरुद्ध जातो.

यावरून कसोटी निश्चित करता येते : शासन स्वस्थ बसले, तर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते? ते व्यक्तीच्या पदरात पडत असेल तर मर्यादा सजीव आहे. शासनाच्या पदरात पडत असेल तर ती उपदेशमात्र आहे.

चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचा दुसरा भाग या कसोटीला उत्तम उतरतो. आणीबाणीची उद्घोषणा मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयावाचून होऊ नये, ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण पुरू नये, अनुच्छेद 20 व 21 निलंबित होऊ नयेत, ही बंधने तिने घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 एप्रिल 1976 च्या निकालाने आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले होते. त्याला हे संविधानाने दिलेले उत्तर होते. त्याहून मोलाची तरतूद कालाची आहे. एका महिन्यात संसदेच्या विशेष बहुमताची मान्यता नसेल तर उद्घोषणा संपते, आणि मान्यतेनंतरही दर सहा महिन्यांनी तीच परीक्षा होते. येथे शासनाने काही केले नाही तर शासनाचीच सत्ता संपते.

1992 ची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती मात्र याच कसोटीवर उणी पडते. दीर्घकाळ बरखास्त राहणाऱ्या नगरसंस्था आणि वेळेवर न होणाऱ्या निवडणुका हे तिच्या जन्माचे एक कारण होते. अनुच्छेद 243-यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. कर्ता, कृती, काल, तिन्ही अंगे स्पष्ट आहेत. 2017 मध्ये निवडून आलेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील बदल आणि न्यायालयीन स्थगिती यांत निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी आदेश दिल्यावर चक्र फिरले आणि मतदान 15 जानेवारी 2026 रोजी झाले.

मधल्या सुमारे पावणेचार वर्षांत सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार प्रशासकाकडे होते. आयुक्त म्हणून अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्यालाच मंजुरी द्यायची, हे एकाच अधिकाऱ्याचे काम झाले. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, हे मान्य केले पाहिजे. पण प्रश्न खरा असला तरी विलंबाचा लाभ कोणाला झाला हे बदलत नाही. सभागृह नसताना सत्ता नागरिकांकडे परत गेली नाही. ती राज्य शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेली. ज्याच्यावर बंधन, त्यालाच बंधनभंगाचे फळ.

येथे जमीन आणि मत यांतील एक भेदही ध्यानात येतो. ज्याच्या सातबाऱ्यावर शेरा आहे त्याची हानी त्याच्या एकट्याची, म्हणून दाद मागणारा निश्चित असतो. निवडणूक लांबल्याची हानी लाखो मतदारांत समान वाटली जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी येते की वकीलपत्र देण्यास सहसा कोणी उठत नाही. अशा सामूहिक अधिकाराला स्वयंचलित परिणामाची गरज वैयक्तिक अधिकाराहून अधिक असते. तो घालणे अवघड नाही. मुदत संपून सहा महिने झाल्यावर प्रशासकाने वेतन, पाणीपुरवठा, स्वच्छता आणि चालू कामांची देयके एवढाच खर्च करावा; नवा कर, नवे कर्ज, विकास आराखड्यातील फेरबदल आणि मोठ्या निविदा यांना मंजुरी देण्याचा त्याचा अधिकार थांबावा, असे एक उपवाक्य त्यासाठी पुरेल. ते अनुच्छेद 243-यू मध्ये घालण्यास संसदेचे विशेष बहुमत लागेल. महानगरपालिका अधिनियमात घालण्यास राज्य विधिमंडळाचे साधे बहुमत पुरे आहे.