फळीची साक्ष

माझे वडील श्रीगोंद्यात एका वखारीत कामाला होते. लाकडाचा ढलपा नाकाशी धरून साग, बाभूळ, लिंब ते अचूक सांगत. सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या मात्र त्यांच्या लेखी सरसकट ‘देवदार’. सारा बाजारच तसे म्हणे. आमच्या घरची मांडणी, कोंबड्यांचे खुराडे, माझ्या पुस्तकांचे कपाट, सगळे त्याच देवदाराचे.

मी बी.ए.ला असताना वनस्पतिशास्त्राच्या एका मित्राने त्या फळीचा तुकडा पाण्यात उकळून मऊ केला, पात्याने पातळ काप काढले आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. म्हणाला, “हा देवदार नाही, पाईन आहे.”

सागाच्या आडव्या कापात मोठी गोल छिद्रे दिसतात. त्या पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या. पाईनमध्ये त्या नसतातच. तिथे चौकोनी पेशींच्या सरळ रांगा दिसतात. उभ्या कापात त्याच पेशी लांब, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. लांबी साधारण ३ ते ४ मिलिमीटर, जाडी केसाहून कमी. झाडाला उभे ठेवणे आणि मुळांचे पाणी शेंड्यापर्यंत चढवणे, ही दोन्ही कामे त्याच करतात. त्यांच्या भिंतींवर वर्तुळात वर्तुळ असे खळगे असतात. त्यांतून पाणी शेजारच्या पेशीत जाते.

देवदार पाईनच्याच कुळातला, म्हणून त्याची घडणही बरीचशी अशीच. पण पाईनच्या लाकडात राळेच्या नळ्या नेहमीच असतात. देवदारात त्या खोडाला जखम झाली तरच तयार होतात. मित्राने सहज सांगितलेली ही गोष्ट मी आजवर विसरलेलो नाही.

ही नजर तशी जुनी आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाचा काप पाहून त्यातल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटले. त्याच पुस्तकात त्याने कोळशाचेही निरीक्षण नोंदवले आहे. लाकूड जळून कोळसा झाले तरी पेशींची रचना टिकते, आणि कोळसा सहसा कुजत नाही. आमच्या तालुक्याच्या कडेने घोड नदी वाहते. तिच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे बार्लीचे दाणे तिथे ओळखता आले, ते करपले होते म्हणूनच.

लाकडाची साक्ष सर्वांत बोलकी ठरली ती हडप्पात. १९४६ साली मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात तिथल्या दफनभूमीत एक लाकडी शवपेटी सापडली. चार हजार वर्षांहून जुनी. लाकडाचे अवशेषच तेवढे उरले होते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील के. ए. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी हडप्पाचे वनस्पती-अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पेटी शिसवीची होती आणि झाकण देवदाराचे. देवदार तर हिमालयातला. म्हणजे कुणीतरी आपल्या माणसाला झाकण्यासाठी पार डोंगरातून आलेले लाकूड वापरले होते. हडप्पाची लिपी आपल्याला अजून वाचता आलेली नाही. त्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याच्यावर घातलेले लाकूड मात्र वाचता आले.

वडील गेले तेव्हा कबरीवर आडव्या टाकायच्या फळ्या वखारीतूनच आल्या. माती लोटण्याआधी त्यांचा एक जुना सोबती फळीवर हात ठेवून म्हणाला, “देवदार आहे, चांगला आहे.” राळेचा वास येत होता. मी काही बोललो नाही. वडीलही तिला देवदारच म्हणाले असते.