आदिलाबादची शिरगणती

खानेसुमारीच्या ग्रंथात छापलेला आकडा दगडावर कोरल्यासारखा पक्का वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्या आकड्याजवळ पोचताच एक प्रश्न विचारावा लागतो: हा आकडा कोणत्या मुलखाचा? माणसे मोजण्यापूर्वी कोणीतरी नकाशावर रेघ ओढलेली असते. ती रेघ सरकली, की एकही जन्म वा मृत्यू न होता लोकसंख्या बदलते. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांनी वेढलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याइतके याचे बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

२०११ च्या जनगणनेत आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ होती. आज त्याच नावाच्या जिल्ह्याची, त्याच जनगणनेवरून काढलेली लोकसंख्या ७,०८,९७२ सांगितली जाते. मग वीस लाख माणसे गेली कोठे? ती आपापल्या घरीच आहेत. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणा सरकारने जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले, तेव्हा मंचेरियालच्या वाट्याला ८,०७,०३७, निर्मलच्या वाट्याला ७,०९,४१८ आणि कुमराम भीम आसिफाबादच्या वाट्याला ५,१५,८१२ माणसे आली. चारी आकड्यांची बेरीज जुन्या आकड्याशी तंतोतंत जुळते. हा ताळा करून न पाहता जो दोन कोष्टके शेजारी ठेवील, तो न पडलेल्या दुष्काळाचा इतिहास लिहील.

मागे जावे तसा हा गुंता वाढत जातो. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाडात इंग्रजी अंमलाखाली १८६७ साली माणसे मोजली गेली. दक्षिणेस मोगलाईत पहिली शिरगणती १८८१ साली झाली. एका नदीच्या दोन काठांच्या नोंदींत असे चौदा वर्षांचे अंतर पडले. त्या वेळी आदिलाबाद नावाचा जिल्हाच नव्हता. १८७२ साली सिरपूर-तांडूर नावाचा उपजिल्हा करण्यात आला होता. त्यात एदलाबाद, राजुरा व सिरपूर हे तालुके होते. १९०५ साली त्याला जिल्ह्याचा दर्जा मिळून आदिलाबाद हे मुख्य ठाणे ठरले. म्हणून १८९१ चा आकडा शोधणाराने 'आदिलाबाद' नव्हे, 'सिरपूर-तांडूर' हे नाव शोधावे. त्यातही फसगत संभवते. यातील तांडूर शहाबादी फरशीसारख्या दगडासाठी प्रसिद्ध असलेले तांडूर नव्हे, आणि एदलाबाद हेच नाव खानदेशात आज मुक्ताईनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाचेही होते. शिवाय निजामी दप्तरातील वर्षे फसली सनाची असतात. त्यांत ५९० मिळवावे, तेव्हा इसवी सनाचा मेळ बसतो. १३५० फसली म्हणजे १९४०-४१.

मराठी वाचकाला अधिक जवळचा प्रसंग १९५६ सालचा. भाषावार राज्यरचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. परंतु राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ त्यातून वगळून मुंबई राज्यास जोडण्यात आले. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्रकडे जाऊन आदिलाबादेत समाविष्ट झाली. पुढे १९५९ साली राजुरा नांदेडमधून काढून चांदा जिल्ह्यास देण्यात आला. म्हणजे राजुऱ्याच्या रहिवाशाने घर न सोडता तीन वर्षांत तीन जिल्हे पाहिले. १९५१ व १९६१ या दोन्ही जनगणनांत आदिलाबाद हे एकच नाव असले, तरी तो मुलूख एक नव्हे.

यावर उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे. जनगणना खाते दशवार्षिक वाढीच्या कोष्टकात १९०१ पासूनचे आकडे नव्या हद्दीप्रमाणे जुळवून देते. तेथे केवळ एकूण माणसे, स्त्रिया व पुरुष एवढेच मिळते. भाषा, धंदा, साक्षरता यांचा हिशेब अभ्यासकाने स्वतः करावयाचा असतो. त्यासाठी जिल्ह्याचे नाव विसरून गावापर्यंत उतरावे लागते. १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतील गावांच्या याद्या घ्याव्या, प्रत्येक गाव सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर शोधावे, आणि गावे जोडत जोडत हवा तो मुलूख पुन्हा उभा करावा. मात्र डोंगरातील गोंड व कोलामांचे गुडे जमिनीच्या शोधात जागा बदलत. नाव तेच राही आणि वस्ती दुसरीकडे जाई. यादीत एखादे गाव बेचिराख दिसले, तर तेथील माणसे मेली असा अर्थ करण्यापूर्वी शेजारचे टेकाड तपासावे.

हद्दीइतकाच नाजूक प्रश्न रकान्यांचा. गोंड घरात गोंडी बोले. बाजारात पश्चिमेकडे मराठी व पूर्वेकडे तेलुगू बोले. सरकारी दप्तर उर्दू होते. अशा माणसाला मातृभाषा विचारताना प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, यावरही उत्तर अवलंबून राहते. त्या उत्तरावर शाळा कोणत्या भाषेची निघणार हे ठरते, आणि १९५६ च्या सुमारास तर तालुका कोणत्या राज्यात जाणार हा वादही अशाच आकड्यांवर लढवला गेला. म्हणूनच ज्यांनी या लोकांची भाषा शिकून त्यांची माहिती गोळा केली, त्यांचे काम मोलाचे ठरते. निजामाच्या मुलकी सेवेतील सेतुमाधवराव पगडी, जे पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून महाराष्ट्रास परिचित झाले, त्यांनी आदिलाबादच्या गोंडांत राहून त्यांच्यावर ग्रंथ लिहिला आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे सिद्ध केली.

नोंद नसण्याची किंमत या जिल्ह्याने रक्ताने मोजली आहे. राखीव जंगलाच्या रेघा गोंडांच्या शेतांवरून गेल्या, आणि महसुली दप्तरात ज्यांचे नाव नव्हते त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट अतिक्रमण ठरली. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात कुमराम भीम व त्यांचे सहकारी पडले. त्यानंतर या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. मारलावाई येथे मुक्काम करून त्यांनी गावोगावची माहिती जमवली. पुढे हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले, आणि नागरी लिपीत गोंडी पुस्तके छापून शाळाही सुरू झाल्या. बंडापूर्वी जी गणना व्हावयास हवी होती, ती बंडानंतर झाली.

पुढील काळातही कायद्याने रकाने बदलत राहिले. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाडा, म्हणजे बंजारा, समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात मात्र तो त्या यादीत नाही. त्यामुळे १९७१ व १९८१ या दोन जनगणनांतील 'अनुसूचित जमाती' हे सदर नावाने एक असले, तरी आशयाने भिन्न आहे. वाढलेला आकडा पाहून गोंडांची भरभराट झाली असे कोणी म्हणेल, तर तो गोंडांवर अन्याय होईल. कारण मोठ्या बेरजेत लहान जमातीची दैना सहज झाकली जाते. तेव्हा जमातवार कोष्टक उघडल्यावाचून पुढे जाऊ नये.

आणि रेघ अजूनही पुरती स्थिरावलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्याचा जिवती तालुका व आसिफाबादचे केरामेरी मंडळ यांच्या सीमेवरील चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. तेथील अनेकांची नावे दोन्हीकडच्या मतदार याद्यांत असल्याचे वारंवार प्रसिद्ध झाले आहे. दोनदा नोंदला गेलेला माणूस दुप्पट सुखी होत नाही. त्याचा रस्ता, त्याची शाळा आणि त्याच्या शेताचा पट्टा यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हेच अनिश्चित राहते.

२०२१ ची जनगणना झाली नाही. नवी गणना २०२७ साली होईल, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. तिच्यात आदिलाबादच्या चारी तुकड्या प्रथमच स्वतंत्र जिल्हे म्हणून मोजल्या जातील. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ती कोष्टके उघडील, तेव्हा त्याच्या हाती जुन्या हद्दींचा नकाशा व गावांची यादी असली पाहिजे. ती जपून ठेवणे हे दप्तरखान्यातील रुक्ष काम वाटेल; पण डोंगरातल्या एखाद्या गुड्याला आपण येथे होतो आणि इतके होतो, हे सिद्ध करावयाचे झाल्यास दुसरा पुरावा बहुधा नसतो.