माग खुंटला तेथे

गुन्हा घडला म्हणजे आपण प्रथम विचारतो, ‘चोर सापडला काय?’ ज्याचे घर फुटले त्याचे पुढे काय झाले, हे पुष्कळदा कोणी विचारीतच नाही. जुन्या गावगाड्यात मात्र या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचे कमिशनर एल्फिन्स्टन यांनी 1819 साली लिहिलेल्या अहवालात ती रीत नमूद आहे. चोरी झाली की गावचा जागल्या पावलांचा माग काढीत निघे. माग शिवेपलीकडे गेला, तर तो शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली करावयाचा. ज्या गावी माग खुंटला, तेथे जबाबदारी येऊन ठेपे. माल न मिळाल्यास जागल्याने ऐपतीप्रमाणे भरून द्यावे व उरलेली रक्कम सगळ्या गावाने सोसावी, असा दंडक होता.

या रीतीचे गोडवे मी गात नाही. एल्फिन्स्टन यांनीही तिला अन्यायाची म्हटले असून पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, असे नोंदले आहे. पहिला भार पडे तो गरीब जागल्यावर. शिवाय मागावरून चोरीचा बैल सापडेल. अत्याचार सोसलेल्या स्त्रीचे दुःख त्या हिशेबात कोठून येणार?

पुढे इंग्रजी न्यायपद्धतीत गुन्हा हा सरकारविरुद्धचा अपराध ठरला आणि ज्याच्यावर घाला पडला तो केवळ साक्षीदार उरला. ही उणीव जगाने उशिराने ओळखली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1985 साली पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेत 2008 च्या दुरुस्तीने कलम 357-क आले. तीच तरतूद 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी महाराष्ट्राने 2013 साली ‘मनोधैर्य’ योजना काढली.

या कायद्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गुन्हेगार सापडला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताला वा त्याच्या आश्रितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. म्हणजे माग खुंटला तरी दाद खुंटत नाही. आणि आता भार जागल्यावर नसून राज्याच्या निधीवर आहे.

परंतु आमच्या निलंग्याच्या एखाद्या खेड्यातील विधवेला हे सांगणार कोण? अर्ज लिहून देणार कोण, तिच्यासोबत लातूरपर्यंत जाणार कोण? पैसा सरकार देईल. सोबत मात्र शेजाऱ्यानेच दिली पाहिजे. गावाचे तेवढे देणे अद्याप फिटलेले नाही.