पाणी तोडू नका: एका हलत्या चित्राची गोष्ट

मुलाला जुलाब लागले की पाणी तोडायचे, ही आपल्या रहिमतपूरकडचीच नव्हे, देशभरची जुनी समजूत. वरून दिले तर खालून जास्तच जाईल! तर्क चुकीचा, पण तर्कच बरं का. आम्ही तत्त्वज्ञानवाले त्याला हसत नाही. ‘पाणी पाजा’ एवढ्या भित्तिचित्राने तो हलत नाही. आतडे साखरेबरोबर मीठ ओढते, मिठामागे पाणी जाते. हे घडताना दाखवावे लागते. म्हणजे चित्र हलले पाहिजे.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली निघाला. डिस्नेकडचे क्लेअर वीक्स शिकवायला आले. शिकणाऱ्यांत राम मोहन होते. १९९०च्या दशकात युनिसेफसाठी त्यांनीच ‘मीना’ घडवली. तिचा पोशाख मुद्दाम कुठल्याच एका देशाचा नाही. भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, कुठल्याही पोरीला ती आपली वाटावी. तिच्या एका भागाचा विषय जुलाब आणि मीठ-साखरेचे पाणी हाच.

पण पडदा नसेल तर? मेक्सिकोच्या खेड्यांत डेव्हिड वर्नर यांच्या सोबतच्या आरोग्यसेवकांनी भोपळ्याचे बाळ केले. डोक्याला भोक पाडून त्यावर ओले फडके, खाली बूच, आत पाणी. बूच काढले की पाणी गळते, फडके आत खचते. ही बाळाची टाळू! जुलाबात ती खोल गेलेली आयांनी हाताने चाचपलेली असते. आता बूच काढलेलेच ठेवून वरून पाणी ओतत राहा. गळते तेवढे ओतले, की भोपळा भरलेला राहतो.